पंचांगातली नक्षत्रं वावरातून कशी ओळखायची

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरणी साधली, मघा बरसल्या, हत्तीनं (हस्त नक्षत्रानं) झोडपलं, हे बोलणं पानठेल्यावर, बसस्टँडवर, कृषी केंद्राच्या ओट्यावर सगळीकडे चालतं. पण त्याच माणसाला रात्री वावरात उभं करून म्हटलं, की बाबा, यातली रोहिणी कोणती ते दाखव, तर बहुतेक जण नुसते वर पाहत राहतात. नाव तोंडपाठ आणि ओळख नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे लिहितो आहे. यासाठी दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही, इंग्रजी तर अजिबातच लागत नाही.

एक गाठ आधी सोडवून घेऊ. ७ किंवा ८ जूनला आपण 'मृग लागला' म्हणतो, त्याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य जिथे आहे तिथल्या चांदण्या त्याच्यासोबत उगवतात आणि त्याच्यासोबतच मावळतात. म्हणजे मृगाच्या दिवसांत मृग दिसतच नाही, आभाळ निरभ्र असलं तरी नाही. तो पाहायचा सहा महिन्यांनी, वावरात हरभरा आणि गहू उभा असताना. पावसाची नक्षत्रं रात्री दिसतात ती हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. रब्बीत रात्रीची लाईन आली की ओलिताला जावं लागतं. रोही आणि डुकरं पिकात शिरतात म्हणून जागल असते. त्रास आहेच तो. पण चांदण्या शिकायला तेच दिवस सगळ्यांत चांगले.

निघण्याआधी

गावातल्या खांबावरचा एलईडी डोळ्यांसमोर असेल तर काही दिसणार नाही. वावरात जमत नसेल तर घराच्या स्लॅबवर जा आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, खांबाकडे पाठ करून बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाईलचा स्क्रीन एकदा पाहिला की ती सवय मोडते. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दोन घड्या करून रबरानं बांधा. लाल उजेडात वाट दिसते आणि डोळेही दिपत नाहीत.

पायात बूट हवेत, हातात काठी हवी. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जाताना झटका मशीनची, म्हणजे विजेच्या कुंपणाची, तार कुठे आहे ते दिवसाच विचारून ठेवा, कारण वर पाहत चालणाऱ्याला तार दिसत नाही. टिपेश्वर, ताडोबा अशा जंगलांच्या लगतच्या गावात असाल तर रात्री वावरात जायचा हट्ट करू नका. स्लॅबवरून तेच आकाश दिसतं.

अमावस्याच हवी असं समजू नका. नवशिक्यानं गच्च काळोखात वर पाहिलं तर इतक्या चांदण्या दिसतात की ठळक कोणती आणि बारीक कोणती तेच कळत नाही. अष्टमीच्या आसपासचा चंद्र असला की बारीक चांदण्या बुजतात आणि ज्या ओळखायच्या त्याच उरतात. आकृत्या पाठ झाल्या की मग काळोख शोधा.

मोजायला आपला हात पुरतो. हात समोर ताठ धरा. बंद मुठीची रुंदी म्हणजे साधारण १० अंश, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत म्हणजे २० ते २२ अंश, मधली तीन बोटं मिळून ५ अंश. पोरांचा पंजा लहान असतो तसा हातही आखूड असतो, त्यामुळे त्यांचंही माप जवळपास तेवढंच येतं. क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी. पुढे मी मूठ आणि वीत याच भाषेत सांगणार आहे.

आणि वेळेचं गणित. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. जानेवारीत रात्री दहाला जे आकाश असतं तेच फेब्रुवारीत आठला असतं. एवढं ध्यानात ठेवलं तर नकाशा जवळ नसला तरी चालतं.

मृगापासून सुरुवात करा

जानेवारी ते मार्च यातली कोणतीही रात्र घ्या, जेवण झाल्यावर बाहेर या. जानेवारीत आग्नेयेकडे वर, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून जवळजवळ डोक्यावर, मार्चमध्ये पश्चिमेला कललेला, असा मृग सापडतो. खूण एकच: एका ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्याच तेजाच्या तीन चांदण्या. आख्ख्या आकाशात अशी दुसरी ओळ नाही. तिची लांबी तीन अंशांपेक्षाही थोडी कमी, म्हणजे दोन बोटांखाली झाकली जाईल एवढीच. मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण तो हाच. माझे वडील याला तिफण म्हणायचे, आणि तीन फण जमिनीत टेकवून तिफण उभी केलेली ज्यानं पाहिली आहे त्याला हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

या बाणाभोवती चार ठळक चांदण्यांचा उभा चौकोन दिसेल. ते मृगाचे चार पाय. त्यातल्या दोन नीट पाहा. उत्तरेकडची, पूर्वेच्या बाजूची जी तांबूस आहे ती आर्द्रा. मराठी पुस्तकांत तिला काक्षीही म्हणतात. तिच्या तिरक्या समोर, बाणाच्या दुसऱ्या बाजूला, निळसर पांढरा तो राजन्य. एकदा आर्द्रेकडे आणि लगेच राजन्याकडे, असं चार-पाच वेळा करा. चांदण्यांना रंग असतो हे माझ्या घरच्या पोट्ट्यांना इथेच पटलं. रंगाचं कारण तापमान आहे: आर्द्रेचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंशांचा, राजन्याचा बारा हजारांच्या घरात. तांबूस तारा त्यातल्या त्यात थंड आणि निळसर तारा तापलेला.

पंचांगातलं मृगशीर्ष म्हणजे मृगाच्या डोक्याशी असलेल्या तीन बारीक चांदण्यांचा झुबका. आर्द्रा आणि तिच्या पश्चिमेकडचा पाय यांच्या मधे, जरा उत्तरेला पाहिलं तर अंधाऱ्या रात्री तो दिसतो. चंद्र असला की दिसत नाही, त्यामुळे त्यावर अडून बसू नका.

आता बाणाची रेघ दोन्हीकडे लांबवा. डावीकडे खाली एक वीतभर गेलात की जी चांदणी लागते ती चुकणं शक्य नाही, कारण रात्रीच्या आकाशात तिच्याहून तेजस्वी तारा नाही. तो व्याध. क्षितिजाजवळ असताना तो लाल, हिरवा, निळा असा लखलखतो. ती आपल्या हवेची करामत, वर चढला की पांढरा होतो. उलट्या बाजूला, उजवीकडे वर, तेवढंच एक वीतभर गेलात की केशरी रंगाची चांदणी लागते. हीच ती रोहिणी, जिच्या नावानं आपण २५ मेपासून ढगांकडे पाहायला लागतो. तिच्याभोवती आडव्या इंग्रजी व्हीच्या आकाराचा बारीक चांदण्यांचा पुंजका आहे. त्याच दिशेला आणखी दीड मूठ पुढे कृत्तिका: चांदण्यांचा लहानसा घोस, साध्या डोळ्यांना सहा मोजता येतात. दहावीतल्या मुलांना मोजायला लावा आणि आजोबांनाही लावा. चष्म्याचा नंबर वाढला आहे का तेही कळेल.

रेघेच्या बाहेर राहिले ते तीन. व्याधाच्या उत्तरेला, आर्द्रा आणि व्याध या दोघांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असलेला पिवळसर पांढरा तारा प्रश्वा. व्याध, आर्द्रा आणि प्रश्वा मिळून तीनही बाजू सारख्या असलेला त्रिकोण होतो. प्रश्वाच्या उत्तरेला शेजारी शेजारी दोन चांदण्या, मधे तीन बोटांपेक्षा थोडंच कमी अंतर, त्या पुनर्वसू. आणि मृगाच्या थेट उत्तरेला, फेब्रुवारीत उत्तरेकडे तोंड केल्यावर साडेसहा मुठी उंचीवर, एकटा पिवळा ठळक तारा तो ब्रह्महृदय. व्याध, प्रश्वा, पुनर्वसू, ब्रह्महृदय, रोहिणी, राजन्य आणि परत व्याध असं बोट फिरवलं की मोठा षटकोन पुरा होतो, आर्द्रा त्याच्या आत राहते. हा षटकोन न अडखळता फिरवता यायला लागला की निम्मं काम झालं समजा. इथे घाई करू नका. आठ-दहा दिवस रोज हेच पाहा, दुसरं काही नको.

दिशेसाठीही मृग कामाचा आहे. सूर्य अगदी पूर्वेला फक्त मार्च आणि सप्टेंबरमधल्या संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या, दिवसांत उगवतो, एरवी तो उत्तरेला नाहीतर दक्षिणेला सरकलेला असतो. मृगाचा बाण मात्र वर्षभर नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. बोअरच्या किंवा घराच्या जागेची पूर्व कोणती यावरून वाद असेल तर एका रात्रीत मिटवता येतो.

ज्यांना संध्याकाळी वेळ नाही त्यांनी पोळ्याच्या सुमारास पहाटे साडेचारला गोठ्यात जाताना पूर्वेकडे पाहावं. ढगांत फट मिळाली तर मृग तिथे चढलेला असतो, जूनमध्ये सूर्याआड गेलेला तोच.

अगस्ती, आपला जावई

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास व्याध दक्षिणेला उंच असतो. तिथून सरळ खाली क्षितिजाकडे साडेतीन मुठी मोजा. क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर एकटाच एक मोठा पांढरा तारा दिसेल. हा अगस्ती, तेजात व्याधाच्या खालोखाल दुसरा. दक्षिणेला उंच झाडं, टेकडी किंवा गावाचा उजेड असेल तर तो हुकतो, म्हणून आधी जागा बदला. विहिरीच्या काठावरून किंवा तलावाच्या पाळीवरून दक्षिण मोकळी असेल तर उत्तम.

दिल्लीत अगस्ती जास्तीत जास्त नऊ अंश वर येतो, धुरकट हवेत तो तिथे शोधावाच लागतो. आपल्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट उंच येतो. आणि त्याचं आपलं नातंही आहे. महाभारतात अगस्त्य ऋषींची पत्नी लोपामुद्रा ही विदर्भाच्या राजाची लेक. रामटेकच्या गडावर अगस्त्यांच्या आश्रमाची जागा आजही दाखवतात. विदर्भातल्या माणसाला अगस्ती ओळखता येऊ नये हे मला पटत नाही. जानेवारी ते मार्च तो संध्याकाळी दिसतो, एप्रिलच्या मध्यावर नऊच्या सुमारास मावळायला टेकतो.

उन्हाळ्याची बाज

एप्रिल-मे म्हणजे अंगणात नाहीतर स्लॅबवर बाज टाकून झोपायचे दिवस. उताणं पडल्यावर मान दुखत नाही, पाहण्यासाठी याहून चांगली बैठक नाही.

मेच्या मध्यावर रात्री नऊला डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला करा. वर उत्तरेकडे सात चांदण्या, चारांचा चौकोन आणि तिघांची वाकडी शेपटी, हे सप्तर्षी. आमच्या गावच्या गोंड मोहल्ल्यातली म्हातारी माणसं चौकोनाला खाट म्हणतात आणि मागच्या तिघांना ती खाट चोरायला आलेले चोर. मला ही आकृती ऋषींपेक्षा लवकर डोळ्यांत बसते, म्हणून पोरांना मी आधी खाटच दाखवतो. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून बारीक अरुंधती आहे. लग्नात भटजी नवरा-नवरीला जी दाखवतात तीच ही, पण मांडवाच्या फोकसखाली तिचं दर्शन होणं कठीण.

खाटेच्या शेपटीकडून दूर असलेल्या बाजूचे दोन तारे जोडा, मधे तीन बोटांचं अंतर आहे. तीच रेघ उत्तरेकडे पाचपट लांबवली की ध्रुव. ध्रुव सगळ्यांत तेजस्वी असतो असं अनेकांना वाटतं, तसं नाही. तो दुसऱ्या प्रतीचा साधा तारा आहे. त्याचं मोठेपण एवढंच की तो जागा सोडत नाही. आपल्या भागात तो फक्त दोन मुठी वर असतो. जितका आपला अक्षांश तितकी ध्रुवाची उंची, आणि विदर्भ साधारण २० ते २१ अंशांवर आहे. उत्तरेला कडूनिंब असेल तर तो वर्षभर दिसणार नाही.

आता शेपटीचा बाक तसाच पुढे वळवत न्या. दीड वितीवर पूर्वेला उंच, केशरी, भरदार तारा लागतो, तो स्वाती. बाक तसाच पुढे न्या, आणखी दीड वीत, की दक्षिणेकडे निळसर पांढरी चित्रा. स्वाती तांबूस आणि चित्रा निळी, त्यामुळे अदलाबदल होत नाही. सप्तर्षींच्या दक्षिणेला, या वेळी पश्चिमेकडे कललेली, मघा. तिच्या उत्तरेला चांदण्यांचा विळ्यासारखा बाक आहे आणि मघा त्याच्या मुठीशी बसते.

मेच्या मध्यावर सव्वानऊला थेट दक्षिणेला, क्षितिजालगत, त्रिशंकू उभा असतो. चार चांदण्यांचा लहान पतंग. वरची चांदणी सव्वा मूठ वर आणि खालची जेमतेम अर्ध्या मुठीच्या जरा वर, म्हणून मोकळं क्षितिज हवंच. अकरा-साडेअकराला त्याच्या पूर्वेकडे मित्र आणि मित्रक ही ठळक जोडी दक्षिणेला येते. ढगाळ नसलं आणि धुराळा बसलेला असला तरच हा प्रयत्न करा.

मध्यरात्री जाग आली तर दक्षिणेकडे पाहा. नांगी वळवलेला आख्खा विंचू आडवा पडलेला असतो. त्याच्या छातीत लाल ज्येष्ठा, नांगीत मूळ. या आकृतीला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या घरी एक रीत आहे, तुम्हीही करून पाहा. प्रत्येकाला त्याच्या वयाची चांदणी दाखवायची. व्याधाचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेआठ वर्षं लागतात, प्रश्वाचा साडेअकरा, श्रवणाचा १७, अभिजितचा २५, स्वातीचा ३७, ब्रह्महृदयाचा ४३, रोहिणीचा ६५, मघाचा ७९. पाचवीतल्या पोरीला प्रश्वा दाखवायचा आणि सांगायचं, की आज तुझ्या डोळ्यांत शिरणारा हा उजेड तू जन्मायच्या सुमारास तिथून निघाला. आजीला रोहिणी दाखवायची. घरातली माणसं मग आपापली चांदणी विसरत नाहीत.

पावसाळा आणि त्यानंतर

जून ते सप्टेंबर फार अपेक्षा ठेवू नका. उघाड पडली तर जुलैत रात्री नऊला ज्येष्ठा थेट दक्षिणेला असते, तेवढं पाहून घ्या. पावसानं धुतलेल्या हवेत विंचवाच्या शेपटीजवळची आकाशगंगा मात्र अशी दिसते की चिखल तुडवत बाहेर आल्याचं सार्थक होतं.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत, कापसाचा वेचा सुरू असताना, संध्याकाळी साडेसात-आठला पश्चिमेकडे कललेला मोठा त्रिकोण डोक्यावर असतो. वायव्येकडचा सर्वांत तेजस्वी अभिजित. दक्षिणेच्या टोकाचा श्रवण. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक चांदणी आहे, म्हणून श्रवणाची कावड. तिसरा, उत्तरेकडचा, हंस. तिघांत तो फिका वाटतो, पण त्याचा उजेड हजाराहून जास्त वर्षांच्या वाटेनं आलेला आहे. तो अभिजितइतका जवळ असता तर रात्री सावल्या पडल्या असत्या. या दिवसांत आग्नेयेकडे एकटाच एक तारा दिसतो, आजूबाजूला ठळक काही नाही, तो मीनास्य.

चंद्राला वाट विचारा

माझी सगळ्यांत आवडती पद्धत ही, आणि तिचं सामान प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. कॅलेंडरमध्ये रोजच्या चौकटीत नक्षत्राचं नाव छापलेलं असतं. ते त्या दिवशी चंद्र कुठे आहे ते सांगतं. चंद्र रोज साधारण १३ अंश, म्हणजे एक नक्षत्र, पूर्वेकडे सरकतो. चौकटीत रोहिणी लिहिलं असेल त्या रात्री चंद्र शोधा आणि त्याच्याभोवती मूठ-दीड मुठीच्या आत केशरी ठळक चांदणी पाहा. तीच रोहिणी. नक्षत्र किती वाजेपर्यंत आहे तेही लिहिलेलं असतं. दुपारीच संपत असेल तर संध्याकाळी चंद्र पुढच्या नक्षत्रात गेलेला असणार, हे धरून चाला.

ही युक्ती कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा, ज्येष्ठा यांना लागू पडते, कारण त्या चंद्राच्या वाटेलगत आहेत. कधी कधी तर चंद्र रोहिणी, मघा, चित्रा किंवा ज्येष्ठेला आपल्याआड झाकतो. स्वाती आणि श्रवण मात्र वाटेपासून तीन मुठी उत्तरेला आहेत. कॅलेंडर स्वाती म्हणेल आणि चंद्राजवळ काही ठळक दिसणार नाही, तेव्हा उत्तरेकडे वर पाहा.

महिन्यांची नावंही इथूनच आली. चैत्रातल्या पुनवेला चंद्र चित्रेत किंवा तिच्या शेजारी असतो, कार्तिकातल्या पुनवेला कृत्तिकेजवळ, माघात मघेजवळ. हनुमान जयंतीला देवळातून परतताना चंद्राच्या जवळ चित्रा दिसते का ते पाहा.

ज्या चांदण्या नाहीत

आकृतीत न बसणारा ठळक ठिपका दिसला तर तो बहुधा ग्रह. ग्रह लुकलुकत नाही, स्थिर उजेड देतो, आणि चंद्राच्या वाटेवरच असतो. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला जी भली मोठी शुक्राची चांदणी दिसते ती मध्यरात्री कधीच दिसत नाही. मध्यरात्री व्याधापेक्षा तेजस्वी काही असेल तर तो बहुतेक गुरू. मंगळ तांबूस असतो आणि आर्द्रा, रोहिणी, ज्येष्ठा यांच्याशी त्याची गल्लत होते. तो लुकलुकतो का ते पाहा, आणि पंधरा दिवसांनी जागा बदलली का तेही पाहा.

सरळ रेषेत सावकाश सरकणारा ठिपका कृत्रिम उपग्रह. एकामागे एक ओळीनं चालणारे ठिपके दिसले तर तेही उपग्रहच. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भभर लोकांनी जळत जाणारे तुकडे पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. ते परतणाऱ्या रॉकेटचे अवशेष होते. असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, पोलीस पाटलाला कळवा.

मोबाईलवरचं स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप वापरायला माझी ना नाही, पण आधी स्वतः ओळखा आणि मग अ‍ॅपमध्ये पडताळा. ट्रॅक्टरजवळ किंवा लोखंडी खाटेवर बसून मोबाईलची दिशा धरू नका, ती चुकते.

उजेडाबद्दल ग्रामपंचायतीत बोला. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे उजेड जमिनीकडेच पडेल असे बदलले. दिवे काढले नाहीत, नुसतं तोंड खाली केलं. आपल्या गावातही टोपी असलेला दिवा लागू शकतो. रस्त्यावर उलट जास्त दिसतं.

इतकं जमलं की एक काम हातात घ्या: आर्द्रेचं तेज लिहून ठेवायचं. ती कमी-जास्त होते. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत ती इतकी फिकी पडली की जगभर बोलबाला झाला, आणि तो फरक खेड्यातल्या अंगणातूनही साध्या डोळ्यांना कळत होता. दर पंधरा दिवसांनी तिची तुलना रोहिणीशी आणि प्रश्वाशी करा. तिन्ही साधारण सारख्या उंचीवर असतील अशी वेळ निवडा, कारण क्षितिजाजवळ प्रत्येक तारा फिका दिसतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नका, तो उगाच जास्त तेजस्वी वाटायला लागतो. झटक्यात एकावरून दुसऱ्यावर नजर टाका. मग वहीत तारीख, वेळ आणि एक ओळ लिहा: आर्द्रा रोहिणीपेक्षा जास्त, सारखी, की कमी. ओलिताच्या पाळ्या लिहायची वही असते तिच्याच मागच्या पानांवर लिहिलं तरी चालेल.